पानफुटीच्या तीन फांद्या

मंगळवारी दुपारी शेजारणीची शेळी मेली. माझ्या परसातल्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या तिनं खाल्ल्या होत्या. शेळीचं वाईट वाटलं, पण भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच झाडाच्या तीन फांद्या दोन दिवसांपूर्वी कुणीतरी माझ्या परसातून मोडून नेल्या होत्या, आणि त्या खायच्या कशा हे मीच सांगून ठेवलं होतं. नेल्या कुणी, ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक का नव्हतं, ते आधी सांगते.

मी कळसची. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं ते गाव. शाळा चौथीपर्यंत झाली. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. घरामागं दीड-दोन गुंठे परस आहे, त्यात मी खायची आणि औषधाची झाडं लावते. गवती चहा, पुदिना, पानाचा ओवा, कढीपत्ता, अडुळसा, कोरफड, पानफुटी. विहिरीचं पाणी खारं आहे म्हणून कॅनॉलचं पाणी डब्यांत साठवून घालते. खताला कारखान्याची मळी. कुंड्या विकत आणलेल्या नाहीत. तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सुनेचा जुना कुकर, यातच सगळं लावलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी सुनेनं मला फोनवरच्या एका बागेच्या गटात घातलं. माझ्या बडबडीपासून तिची सुटका व्हावी म्हणून घातलं असणार. गटात बहुतेक बारामतीच्या बायका, सोसायट्यांमधल्या, गच्चीवर नाहीतर खिडकीत कुंड्या ठेवणाऱ्या. थोड्या आमच्यासारख्या गावाकडच्या. गट चालवणारे एक निवृत्त मास्तर. मी कुणाचं नाव लक्षात ठेवलं नाही. एकीच्या फोटोच्या जागी जास्वंद, एकीच्या जागी कृष्णकमळ, एकीचा अबोलीचा गजरा. माझ्यासाठी त्या जास्वंद, कृष्णकमळ आणि अबोली.

सकाळ झाली की फोटो सुरू. पुदिना पिवळा पडला. कढीपत्त्यावर काळे किडे आले. कोथिंबीर उगवतच नाही. मी लिहीत नव्हते, बोलून पाठवत होते. धने अख्खे पेरू नका, तळहातानं रगडून दोन फोडी करा. पुदिना पिवळा पडला कारण तुम्ही त्याला ऊन दाखवत नाही आणि पाणी मात्र दिवसातून तीनदा घालता. बायकांना माझं बोलणं आवडायचं. मी ओरडले की हसायच्या. "आजी, आज कुणाला शिव्या?" असं विचारायच्या. मलाही ते आवडायला लागलं, खोटं कशाला सांगू. घरात माझं ऐकणारं कुणी नव्हतं, आणि इथं माझ्या एका शब्दावर बारामतीत कुंड्या हलायच्या.

उन्हाळ्यात कुणीतरी मुतखड्याचं विचारलं. मी लगेच बोलून पाठवलं. पानफुटीची दोन पानं, सकाळी अनशापोटी, नुसती चावून खायची, सात दिवस, खडा विरघळून जातो. माझ्या आईनं असंच दिलं, मीही चारचौघांना दिलं. मास्तरांनी खाली लिहिलं की औषधाचं गटात नको. पण तोवर साठ जणींनी हात जोडले होते. मास्तरांचं कुणी वाचलं नाही.

माझ्याकडं पानफुटी दोन आहेत. होत्या. एक जुनी, माहेराहून आणलेली. तिचं पान जाड, गोलसर, कडेनं कातरल्यासारखं. दुसरी गटातल्याच एकीनं बारामतीहून एसटीनं पाठवली होती. तिचं पान लांब, टोकदार, आणि दोन्ही कडांना मण्यांसारखी बारीक पिल्लं लागलेली. दिसायला फार देखणी. पान पडलं की तिथं रोप उगवतं, म्हणून तिलाही सगळे पानफुटीच म्हणतात. ती शोभेची, हे मला माहीत होतं. विषारी आहे हे माहीत नव्हतं. दोन्ही मी भिंतीलगत शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्ही तेलाच्या डब्यांत. माझ्या डोळ्यांना त्यांच्यातला फरक म्हैस आणि गाय यांच्याइतका होता. तो दुसऱ्याला दिसणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या रविवारी गटातल्या नऊ बायका माझं परस बघायला आल्या. दोन गाड्या भरून बारामतीच्या, आणि तिघी आपापल्या गावांहून. मास्तरांनी यादी केली होती, कोण कुठून येणार याची.

आमच्याकडं एक समज आहे. मागून नेलेलं रोप लागत नाही. न विचारता नेलेलं लागतं, आणि नेलं म्हणून तोंडानं सांगितलं तर जळतं. त्यामुळं जिची बाग असते तिनं पाठ फिरवायची. मी चहा टाकते, तुम्ही बघा, असं म्हणायचं आणि मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर नेणारीचा हात अडतो. बारामतीच्या शिकलेल्या बायकासुद्धा हे पाळतात. एकमेकींच्या गच्चीवर गेल्या की पर्समध्ये कात्री असते.

तर मी अंगणातल्या चुलीपाशी पाठ करून बसले आणि गवती चहाची पात कापायला लागले. मागं हसणं, कुजबुज, कटकट फांद्या मोडल्याचे आवाज. तेवढ्यात एकीनं विचारलं, "आजी, मुतखड्याचं कुठलं हाय हो?"

मी न वळता हात केला. "डब्यातलं. त्या भितीपाशी."

"व्हय का," ती म्हणाली.

मी वळून बघितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण वळायचं नसतं म्हणून मी वळले नाही.

सोमवारी मी शोभेचं ते झाड छाटलं. मोडलेले तीन खुंट दिसले, बरं दिसेना, म्हणून उरलेल्या वाकड्या फांद्याही कापल्या आणि कुंपणापलीकडं टाकल्या. बायांनी शोभेचं झाडही सोडलं नाही म्हणून मनात हसलेसुद्धा. शेजारणीची शेळी संध्याकाळी तिथं बांधलेली होती.

मंगळवारी गुरांचा डॉक्टर आला तेव्हा शेळी पाय झाडत होती. त्यानं तिच्या तोंडातलं काढून तळहातावर घेतलं. "आजी, हे काय आहे?"

"पानफुटी."

"औषधाची पानफुटी अशी नसते."

"मलाबी ठावं हाय. ही शोभंची हाय."

"शोभेची आहे, पण विषारी आहे. हृदयावर जातं हे. ठोके मंद होत होत बंद पडतात. मोठी जनावरं जातात यानं."

"आन् माणूस?"

"माणूस कशाला खाईल हे?"

 शेजारीण रडत होती, तिला पाणीही दिलं नाही. घरात गेले आणि फोन घेतला.

बोलून पाठवलं. आधी रविवारी आल्याबद्दल बरं वाटलं म्हणाले, कारण एकदम कसं सांगायचं ते सुचेना. मग शेळीचं सांगितलं, मग डॉक्टर काय म्हणाला ते, मग दोन पानफुट्यांतला फरक, आणि शेवटी म्हणाले की ज्यांनी नेलं त्यांनी कळवा, खाऊ नका, कुणाला देऊ नका. दोन मिनिटांच्या वर झालं. लगेच उत्तरं यायला लागली. "खूप छान वाटलं आजी तुमच्याकडे." "बाग अप्रतिम." "चहाची चव अजून जिभेवर आहे." एकीनं नाचणारं फूल पाठवलं.

कुणीच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

दहा मिनिटांनी माझा निरोप गटातून नाहीसा झाला. मी मास्तरांना फोन लावला.

"मावशी, मीच काढला," ते म्हणाले. "गटात लोक खूप आहेत. एकदम विष वगैरे म्हटलं की घबराट होते. शिवाय औषधाचा विषय आपण बंद ठेवलाय, तुम्हाला माहितीये."

"मास्तर, शेळी मेलीय."

"वाईटच झालं. पण शेळी आणि माणूस..."

"ते झाड कुणीतरी माझ्या परसातनं नेलंय. मुतखड्यासाठी नेलंय. मी माझ्या कानानं ऐकलंय."

 मग म्हणाले, "कोणी नेलं?"

"त्येच तर ठावं न्हाय. मी पाठ करून बसली हुती."

मास्तर बारामतीतच वाढलेले, त्यांना पाठ करणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. नऊ जणींची यादी, नंबर आणि गावं त्यांनी पाठवून दिली आणि दोन ओळींची सूचना गटात टाकली. पण त्या नऊजणींपैकी एकीनंही गटात होय म्हटलं नाही. म्हणणार नव्हत्याच. नेलं म्हणून सांगितलं की रोप जळतं.

मग मी एकेकीला फोन लावायला बसले. सून समोर येऊन उभी राहिली. ती मला आत्या म्हणते.

"आत्या, तुमाला कुणी सांगितलं हुतं डॉक्टर व्हायला?"

"कुणी न्हाय. यादी वाच. पहिला नंबर लावून दे."

माझ्याकडं खूण एकच होती, तो आवाज. बोलणं गावाकडचं होतं, बाई मध्यम वयाची होती, एवढंच. पण तीन फांद्या तिघींनीही नेल्या असतील, म्हणून सगळ्यांनाच विचारायचं ठरवलं.

पहिली बारामतीची. "मी? आजी, मी कशाला तुमचं काही तोडीन? आम्हाला नर्सरीत सगळं मिळतं." तिच्या आवाजात राग होता. तिनं पुदिना नेला होता, जाताना तिच्या पर्सला वास येत होता. पण पुदिन्यानं कुणी मरत नाही, म्हणून सोडून दिलं.

दुसरीनंही शपथ घेतली. मग माझ्या लक्षात आलं, असं विचारून भागणार नाही. तिसरीला मी म्हणाले, "बाई, ते झाड मी तुला दिलं. माझ्या हातानं दिलं असं समज. आता ते न विचारता नेलेलं न्हाय. आता सांग."

 मग हळूच म्हणाली, "एकच फांदी घेतली आजी. पिल्लं किती गोड दिसत होती. बाल्कनीत लावलीये."

"खाल्ली न्हाईस न्हवं?"

"छे हो! खायची असते का ती?"

"न्हाय. घरात लेकरू हाय का?"

"नातू आहे, दोन वर्षांचा."

"मग आत्ता जा आन् उपटून टाक. फोन ठिवू नकोस. उपट आन् मला सांग."

तिनं उपटली. कुंडीसकट पिशवीत बांधल्याचं सांगितलं, तेव्हा मी पुढचा नंबर लावला.

दुसरी फांदी कृष्णकमळाकडं निघाली. तीही शोभेसाठी. राहिली एक. गावाकडच्या तिघींपैकी एक कळंबची निघाली, तिनं फक्त गवती चहाचा गड्डा नेला होता, आणि तिचा आवाज तो नव्हता. दुसरी इंदापूरची, तिनं काहीच नेलं नव्हतं, उलट मलाच दोष दिला की माझी मिरची सगळी किडलेली होती. तिचाही आवाज नव्हता. तिसरी पळसदेवची. अबोलीचा गजरा. तिचा फोन वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत मी अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी बंद लागला.

बुधवारी सकाळी मी सुनेला म्हणाले, "स्कूटी काढ."

"कुठं?"

"पळसदेवला."

"मला दळण न्यायचंय."

"दळण मेलं तर मला सांग," मी म्हणाले. ती हसली नाही, पण गाडी काढली. मी शोभेच्या झाडाची उरलेली एक फांदी पिशवीत घातली आणि मागं बसले. वाटेत ती एकदाच बोलली. "आत्या, तिथं कुणाला काय झालेलं असलं, तर आपल्याला मारत्यात का वो?"

"झालेलं असलं तर मारू दे," मी म्हणाले.

पळसदेवात शिरताना मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाईला विचारलं. तिनं घर दाखवलं. धरणाच्या पाण्याच्या बाजूला, मागं ऊस, पुढं जाळी वाळत घातलेली. दारात अबोलीची रांग. मला बघून त्या बाईनं पदर डोक्यावर घेतला. चाळिशीची असेल. मागून तिचा नवरा आला.

"आजी, तुमी हितं कशा?" ती म्हणाली, आणि तोच आवाज होता.

"रविवारी माझ्याकडनं काय नेलंस?"

"म्या? म्या न्हाय बा काय नेलं." ती नवऱ्याकडं बघत होती.

"मी दिलं म्हण. माझ्या हातानं दिलं. सांग आता."

"न्हाय वो आजी. गवती चहाबी न्हाय नेला."

मी तिच्याशी वाद घातला नाही. पडवीत बाजेवर एक म्हातारा पडला होता, तिचा सासरा. बाजेखाली राख टाकलेली, आणि राख कशावर टाकतात ते मला कळतं.

"तात्यांना काय झालंय?"

नवरा म्हणाला, "काय न्हाय. मुतखडा हाय. आता हलाय लागलाय, म्हणून उलट्या होत्यात. औषध लागू पडतंय."

मी बाजेच्या कडेला बसले आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं. मला नाडीतलं काही कळत नाही. पण दुसऱ्या हाताचं बोट मी माझ्या गळ्यावर ठेवलं. माझी दोनदा उडायची तेव्हा त्यांची एकदा. मध्येच एक ठोका गाळायची आणि मला वाटायचं, आता येतच नाही.

"तात्या, काय खाल्लं?"

"पाला," म्हातारा म्हणाला. डोळे मिटलेलेच. "कडू न्हाय, गोड न्हाय, नुसता बुळबुळीत. सोमवारी दोन पानं, काल दोन. आज पाच खाल्ली. म्हणलं लवकर पडू दे एकदाचा."

त्यांच्या सुनेनं तोंडावर हात ठेवला. माझ्याही.

"उठवा ह्यांना," मी म्हणाले. "दवाखान्यात न्या. ते औषध न्हाय. विष हाय."

नवरा पुढं आला. रागावला नव्हता, पण माझ्यावर विश्वासही नव्हता. "आजी, तुमीच सांगितलंय की." खिशातून फोन काढला आणि वाजवला. माझाच आवाज. दोन पानं, सकाळी अनशापोटी, नुसती चावून खायची, सात दिवस. ठणठणीत आवाज, कुठं अडखळणं नाही. माझ्याच आवाजावर माझाच विश्वास बसावा असा.

"ह्ये तुमीच न्हवं?"

"मीच."

"मग? उन्हाळ्यात औषध हुतं आन् आता विष झालं?"

"झाड येगळं हाय. मी औषधाचं सांगितलं, तुझ्या बायकूनं दुसरं नेलं. ती चुकली न्हाय. मी हात केला तिकडं दोनी डबं हुतं."

"आमी म्हाताऱ्याला घिऊन तीन दवाखानं फिरलो. आपरेशन म्हणत्यात. हे पहिलंच औषध हाय ज्यानं काहीतरी हललं."

"शेळी मेलीय ह्यानं, कालच."

"शेळी कशानंबी मरती."

त्यांच्या गोठ्यात दोन शेळ्या होत्या. मी पिशवीतून फांदी काढली आणि त्याच्या हातात दिली. "घाल तुझ्या शेळीला. माझ्यासमोर घाल. मग मी जाते."

तो फांदी घेऊन उभा राहिला. शेळ्यांनी मान वर केली, खायला आलं म्हणून एक पुढंही झाली. त्यानं फांदी पाठीमागं घेतली.

"शेळीला घालाय भितूस," मी म्हणाले, "आन् बापाला तीन दिस घातलंस."

त्यानं फांदी माझ्या पिशवीत टाकली आणि शेजारच्या घरी पळाला. पाच मिनिटांत चारचाकी दारात आली. बाई आता रडत होती आणि एकच सांगत होती, "म्या सांगणार हुते, पर सांगितलं तर गुण येत न्हाय म्हणत्यात ना आजी." मी तिला गप्प बस म्हणाले. रडायला गाडीत जागा नव्हती.

इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं. मी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यानं फांदीचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. कागदाच्या पट्टीवर म्हाताऱ्याच्या हृदयाच्या रेघा काढल्या. दोन रेघांमध्ये रिकामी जागा एवढी होती, की तीत एक अख्खा ठोका बसला असता. मग सलाईन, मग इंजेक्शन, मग म्हणाले इथं मशीन नाही, बारामतीला न्या.

बारामतीला त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर. मी, माझी सून, ती बाई, तिचा नवरा. नवरा माझ्यापासून लांब बसला होता. तिसऱ्या तासाला तो उठून आला.

"आजी, ह्ये असलं तुमी कितीजणांस्नी सांगितलंय?"

"ठावं न्हाय," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि त्याच्यापाशी खोटं बोलायची हिंमतही नव्हती.

"म्हातारा गेला तर तुमाला सोडायचा न्हाय मी."

"नको सोडू."

माझ्या सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मी काहीतरी नीट बोलेन, हात जोडेन. हात जोडून ठोका वाढला असता तर जोडले असते. नर्स बाहेर आली की आम्ही चौघंही उठायचो, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी माणसाला हाक मारायची. दुपार अशीच गेली. चारच्या सुमाराला डॉक्टरीण आली. म्हणाली, आता ठोके जरा सुधारतायत, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. आणखी दोन-चार पानं गेली असती तर इथवर आलेच नसते.

"उद्या सकाळी सात खाणार हुते," ती बाई म्हणाली. "म्हणालते मला तसं."

ते दोन दिवस मी घरी परसात गेले नाही. तिसऱ्या दिवशी बाईचा फोन आला, वॉर्डात हलवलंय, चहा मागतायत. मी होय म्हणाले आणि जेवायला बसले. पोटात काही गेलं नव्हतं हे तेव्हा कळलं.

त्यानंतर मी शोभेचं झाड मुळासकट उपटलं आणि जाळलं. त्याची बारीक पिल्लं भिंतीच्या फटींत, फरशीच्या सांध्यांत, औषधाच्या पानफुटीच्या डब्यातसुद्धा रुजली होती. सुईनं टोकरून काढली. अजून एखादं दिसतं. गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, माहेरची ती पानफुटीसुद्धा त्याच जातीतली, कमी असलं तरी तिच्यातही ते असतंच. मी पन्नास वर्षं ती लोकांना खायला घातली. कुणाला काय झालं असेल ते मला कधी कळलंच नसेल, कारण ते परत सांगायला आले नसतील. ती पण उपटली. आईची म्हणून ठेवायचं कारण दिसेना.

गटातला उन्हाळ्यातला माझा निरोप मास्तरांना काढायला सांगितलं. त्यांनी काढला, पण म्हणाले, लोकांच्या फोनमध्ये गेलाय तो कसा काढणार. मग मी नवीन पाठवला. या वेळी बागेचं कौतुक नाही, नमस्कार नाही. "विष हाय, खाऊ नका, माझी चूक झाली." एवढंच. सगळ्यांनी ऐकला. दोघी म्हणाल्या की आजींनी उगीच घाबरवलं. जिनं मला ते झाड एसटीनं पाठवलं होतं, ती गट सोडून गेली. शेजारणीला मी मेलेल्या शेळीच्या बदल्यात माझी तरणी पाट दिली, ती तिनं घेतली, पण बोलत नाही. परस बघायला आता कुणी आलं तर मी त्यांच्याबरोबर फिरते. काय मोडता ते बघते. त्यांना ते आवडत नाही.

महिन्यानं पळसदेवहून फोन आला. तीच बाई.

"आजी, मामंजी बरं हायत. हिंडत्यात."

"बरं झालं."

"पर खडा हाय तसाच हाय. डॉक्टर आपरेशन म्हणत्यात."

"मग करा."

"ते न्हाय म्हणत्यात. तुमाला इचार म्हणत्यात. दुसरा कुठला पाला न्हाय का?"

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. "म्हणावं, ह्या बारीला वळून बघ आन् नीट दाखव!"

मी परसातच उभी होते. मुतखड्याला देतात ती आणखी दोन झाडं माझ्यासमोर होती, एकाला हात लागत होता. किती, कशी, कधी द्यायची, सगळं तोंडात आलं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

"आजी, तुमाला ठावं हाय. तुमी सांगत न्हाय."

"व्हय. ठावं हाय, आन् सांगत न्हाय. बारामतीला न्या त्यांना."

तिनं फोन ठेवला.